पाण्याची चव आणि पाण्याची पारख

अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा पसरलेला आहे. जमीन काळी आणि कसदार, पण विहीर खोदली की खाली लागतं ते खारं पाणी. शेकडो गावांनी पिढ्यान् पिढ्या ते प्यायलं, त्यातच स्वयंपाक केला. शहानूर धरणाचं पाणी दर्यापूर-अंजनगावकडच्या गावांत नळाने पोचलं, तेव्हा परगावाहून लग्न होऊन आलेल्या सुनांना हायसं वाटलं. पण ज्यांचा जन्म त्या विहिरींवर गेला, अशा काही म्हाताऱ्या माणसांची तक्रार मी ऐकलेली आहे. नळाचं पाणी अळणी आहे, कितीही प्या, तहान भागल्यासारखी वाटत नाही.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिच्यामागे शरीरशास्त्र आहे.

शाळेच्या पुस्तकात पाणी रंगहीन, गंधहीन आणि चवहीन असतं. तसं पाणी प्रयोगशाळेत मिळतं, वाफ करून पुन्हा थंड केलेलं, ज्यात जवळजवळ काहीच विरघळलेलं नाही असं. ते तोंडात घेतलं तर बहुतेकांना नुसतं सपक नव्हे, किंचित कडवट लागतं. याचं कारण लाळ. जीभ दिवसभर लाळेत बुडालेली असते आणि लाळेत सोडियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असे क्षार असतात. त्या खारटपणाची जिभेला इतकी सवय झालेली असते की तो तिला जाणवतच नाही. मग लाळेपेक्षा कमी क्षारांचं पाणी आलं की ते लाळ धुऊन नेतं आणि तो फरक जिभेला चव म्हणून कळतो. अमेरिकेतल्या संशोधक लिंडा बार्टोशुक यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत हे प्रयोगांनी दाखवलं. तोंडात आधी काय होतं, यावर पुढच्या घोटाची चव ठरते. खारट द्रावणानंतर साधं पाणी आंबट-कडवट लागतं, आर्टिचोक नावाच्या भाजीनंतर गोड लागतं. आपल्याला त्यासाठी आर्टिचोक नको, आवळा पुरतो. आवळा चावून वर पाणी प्यायलेल्या प्रत्येक मराठी मुलाला पाणी कसं गोड होतं ते ठाऊक असतं.

पुढे २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रयोगशाळेने उंदरांवर दाखवलं की जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशीच पाण्यालाही प्रतिसाद देतात. पाण्याने लाळ धुतली गेली की तिथली आम्लता बदलते आणि तो संकेत मेंदूपर्यंत जातो. म्हणजे पाण्याची चव कळते ती वजाबाकीने. तोंडात जे होतं, त्यातून पाण्याने काय नेलं आणि काय ठेवलं. दर्यापूरकडच्या म्हाताऱ्यांची वजाबाकी खाऱ्या विहिरींवर घडली होती. धरणाच्या पाण्याने ती बिघडली.

एकदा हे ध्यानात आलं की महाराष्ट्रातल्या पाण्याच्या आवडीनिवडी नकाशावर मांडता येतात. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस धरणात साठतो, त्याचा खडकाशी फारसा संबंध येत नाही, म्हणून ते पाणी हलकं. कोकणात आणि गोव्यात जांभ्यातून झिरपून विहिरीत उतरलेलं पाणीही हलकंच, जरासं आम्लाकडे झुकलेलं. देशावर मात्र खाली काळा बेसाल्ट. त्याच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन बोअरमधून वर येतं. ते जड पाणी. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, नळाच्या तोंडाशी खडे, साबणाला फेस नाही, केस राठ, ही त्याची ओळख.

जड पाणी सगळ्यांत आधी ओळखतं ते स्वयंपाकघर. तुरीची डाळ मऊ होते ती तिच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन विरघळल्यामुळे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की ते पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं आणि डाळ शिजता शिजत नाही. चिमूटभर खायचा सोडा टाकला की काम होतं, कारण अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन लवकर सुटतं. जड पाण्याच्या चहावर तवंग येतो तो तेलाचा नसतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि चहातली पॉलिफेनॉलं हवेशी संबंध आल्यावर मिळून तो पापुद्रा तयार करतात. बदली होऊन नव्या गावी गेलेली बाई पहिल्या आठवड्यात ‘इथलं पाणी चांगलं नाही’ म्हणते, तेव्हा तिच्याकडे डाळ आणि चहा असे दोन भक्कम पुरावे असतात.

तरीही जड पाणी म्हणजे वाईट पाणी नव्हे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतात, आणि पाण्यातून मिळणारा त्यांचा वाटा थोडा असला तरी तो उपयोगीच आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या एकूण क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलेलं आहे. जडपणासाठी हेच आकडे २०० आणि ६००. ५०० च्या पुढे पाणी विषारी होतं, असं कुठेही म्हटलेलं नाही. त्यापुढे चव, पोट आणि भांडी यांची कुरकुर सुरू होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता मुंबईकडे पाहा. विहार तलाव १८६० मध्ये सुरू झाला, तुळशी १८७९ मध्ये, तानसा १८९२ मध्ये. मग मोडक सागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. शहराला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं बहुतेक ठाणे-नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरांतून येतं आणि भांडुप, पांजरापूरच्या केंद्रांत शुद्ध होतं. हे पावसाचंच पाणी असल्याने त्यातले क्षार फार कमी असतात, मानकातल्या इष्ट मर्यादेच्या कितीतरी खाली. जगातल्या अनेक मोठ्या शहरांना हेवा वाटावा इतकं ते मुळात हलकं आहे. आणि याच शहरात घरोघरी ओट्यावर आरओचं यंत्र बसलेलं आहे, जे मुळात पाण्यातले क्षार काढण्यासाठीच बनलेलं आहे.

आरओचा शोध मोठा आहे, त्याबद्दल दुमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या प्रयोगशाळेत सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी १९५९-६० च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचा असा पडदा तयार केला की ज्यातून दाबाखाली पाणी पुरेशा वेगाने पलीकडे जातं आणि मीठ अलीकडे राहतं. समुद्राचं पाणी पिण्याजोगं करण्याची वाट त्या पडद्याने मोकळी केली. खारपाणपट्ट्यात, फ्लोराइडच्या गावांत, समुद्रकाठच्या खारावलेल्या विहिरींजवळ हे यंत्र वरदान आहे. पण घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतं. जिथे क्षार मुळातच कमी आहेत, तिथे हे पाणी निव्वळ वाया जातं. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये, जिथे क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे आरओच्या वापराला बंदी करावी, असा आदेश दिला तो यामुळेच.

तरी हे यंत्र विकलं जातं ते भीतीवर. घरी येणाऱ्या विक्रेत्याजवळ दोन हत्यारं असतात. पहिलं टीडीएस मीटर. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते हे मोजतं आणि त्या आकड्याला एका गुणकाने गुणून क्षारांचा अंदाज दाखवतं. त्याला जंतू दिसत नाहीत, कीटकनाशकं दिसत नाहीत, शिसं आहे की कॅल्शियम हेही कळत नाही. गटाराचं पाणी मिसळलेल्या पाण्याचा आकडा १५० येऊ शकतो आणि उत्तम विहिरीचा ४००. दुसरं हत्यार अधिक परिणामकारक. दोन पेल्यांत पाणी, एकात नळाचं आणि एकात यंत्राचं, आणि दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडायची. नळाचं पाणी मिनिटाभरात तपकिरी, मळकट, गाळाने भरलेलं दिसू लागतं आणि यंत्राचं स्वच्छ राहतं. घरातली आजी घाबरते, सून घाबरते, चेक फाडला जातो. खरं म्हणजे तो गाळ पाण्यात नव्हताच. क्षार असलेलं पाणी वीज वाहून नेतं, त्या विजेने कांडीचं लोखंड विरघळतं आणि त्याचा तपकिरी साका तयार होतो. यंत्राच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही. त्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग केला तर तेही तसंच तपकिरी होईल. ज्याच्या घरी हा खेळ मांडला जाईल, त्याने मिठाची वाटी जरूर पुढे करावी.

आकडा एकटा किती कमी सांगतो, याचं सर्वांत चांगलं उदाहरण जर्मनीत आहे. आयफेलच्या जुन्या ज्वालामुखी डोंगरांत गेरोलश्टाइन नावाचं गाव आहे. तिथल्या झऱ्याचं नैसर्गिक कार्बन डायऑक्साइडमुळे फसफसणारं पाणी बाटलीत भरून विकलं जातं आणि लोक ते आवडीने पितात. त्यात विरघळलेले क्षार लिटरला जवळजवळ २५०० मिलिग्रॅम. आपल्या मानकाच्या सगळ्यांत सैल मर्यादेच्याही पुढे. विक्रेत्याचं मीटर त्यात बुडवलं तर तो हे पाणी तोंडाला लावू देणार नाही. पण या क्षारांत मुख्यतः बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहेत, मीठ थोडं. खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या विहिरीचा आकडा याच्या जवळपास असू शकतो, पण तिच्यात सोडियम आणि क्लोराइडचा भरणा असतो. आकडा जवळचा, पाणी सर्वस्वी वेगळं. एका पाण्याला लोक मुद्दाम पैसे मोजतात आणि दुसऱ्यापासून सुटका व्हावी म्हणून गावं आंदोलन करतात.

नोकरीसाठी पुण्याहून जर्मनीत गेलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात याच फसफसत्या पाण्याचा धक्का बसतो. हॉटेलात पाणी मागितलं की प्रश्न येतो, वायूसकट की वायूविना? ठरवून सांगितलं नाही तर वायूसकट येतं, आणि तहानेच्या पहिल्या मोठ्या घोटाला घसा चुरचुरतो. आपल्याला पाणी गटागटा प्यायची सवय असते आणि हे पाणी तसं पिताच येत नाही. काही महिने गेले की यांच्यापैकी कित्येक जण स्वतः वायूवालं मागू लागतात.

ती चुरचुर बुडबुड्यांची आहे असं आपण समजतो. तसं नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की त्यातला थोडा भाग कार्बोनिक आम्ल बनतो. २००९ मध्ये उंदरांवरच्या संशोधनातून कळलं की आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचं एक विकर असतं. ते त्या वायूपासून जागच्या जागी आम्ल तयार करतं आणि पेशी चेतते. शिवाय तोंडात वेदना आणि जळजळ ओळखणाऱ्या ज्या नसा आहेत, त्याही या आम्लाने डिवचल्या जातात. म्हणजे सोड्याचा ठसका हा थोडासा वेदनेचाच प्रकार आहे, मिरचीच्या झणझणीतपणाला जवळचा. अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसांना जास्त दाबाच्या खोलीत बसवून सोडा प्यायला दिला. त्या दाबाला बुडबुडे तयारच होत नाहीत, तरी ठसका तेवढाच लागला. उंचीवरचा त्रास टाळायला गिर्यारोहक ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी घेतात. ती नेमकं हेच विकर बंद पाडते, आणि मग त्यांना फसफसती पेयं बेचव लागतात.

कृत्रिम सोडा प्रथम केला तो जोसेफ प्रीस्टली यांनी. इंग्लंडातल्या लीड्स गावी ते एका बिअरच्या कारखान्याशेजारी राहत. आंबवण्याच्या पिंपांवर साचणारा वायू पाण्यात मिसळता येतो, हे त्यांनी १७६७ मध्ये पाहिलं आणि १७७२ मध्ये त्याची कृती छापली. पुढे योहान याकोब श्वेप यांनी १७८३ मध्ये जिनिव्हात त्याचा धंदा उभा केला. १८७२ मध्ये हायरम कॉड या इंग्रज माणसाने बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी अडकवली. आतल्या वायूच्या दाबानेच गोटी वर चढते आणि तोंड बंद करते, वेगळं बूच लागत नाही. विलायतेतून ती बाटली जवळजवळ नाहीशी झाली, पण आपल्या एसटी स्टँडांवर, जत्रांत आणि रसवंतीशेजारच्या गाड्यांवर टिकली. मुंबईत पालनजींचं रास्पबेरी १८६५ पासून आणि पुण्यात आर्देशीर यांचा सोडा १८८४ पासून लोकांच्या जिभेवर आहे. आपल्याकडे सोडा ही रोजची तहान भागवायची चीज झाली नाही. जड जेवणानंतर लिंबू-मीठ पिळून, उन्हातून आल्यावर, पोट फुगल्यावर, असा तो प्रसंगाने आणि थोडासा औषध म्हणून प्यायला जातो. मला ही जागा योग्य वाटते. साधा सोडा निरुपद्रवी आहे, दातांची झीज होते ती मुख्यतः गोड पेयांतल्या साखरेमुळे आणि सायट्रिक आम्लामुळे. शिवाय गार, ठसकेदार पाण्याने तहान लवकर भागल्यासारखी वाटते आणि माणूस पुढे कमी पाणी पितो, असं २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ज्याला लिटरांनी पाणी प्यायचं आहे, त्याच्या हे कामाचं नाही.

इथवर जिभेची बाजू झाली. जीभ क्षार ओळखते, आंबट ओळखते, नाकाच्या मदतीने मातीचा वास अतिसूक्ष्म प्रमाणातही ओळखते. तलावातले काही सूक्ष्मजीव जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात, त्याचा लिटरमागे काही नॅनोग्रॅम अंशही पाण्याला माती लागल्यासारखा वास देतो. ते निरुपद्रवी असतं, तरी लोक महापालिकेत तक्रार करतात. आणि जे खरोखर घातक असतं, ते जिभेला अजिबात कळत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढे ते वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मुलांचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडं आणि सांधे आखडतात. ते पाणी काचेसारखं नितळ असतं, चवीला उत्तम लागू शकतं. शेतातल्या खतांतून आणि गुरांच्या, माणसांच्या मैल्यातून उतरणारं नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या पुढे गेलं तर तान्ह्या बाळाला धोका असतो. त्यालाही चव नाही. कॉलऱ्याच्या जंतूला चव नाही, काविळीच्या विषाणूला नाही. ‘आमच्या विहिरीचं पाणी अमृतासारखं’ म्हणणाऱ्याची जीभ खोटं बोलत नसते. तिला फक्त विचारायला नको तो प्रश्न विचारलेला असतो.

आणि जे आपलं रक्षण करतं, त्याचा वास मात्र आवडत नाही. क्लोरीन. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीत शहराच्या पाण्यात तो सातत्याने मिसळायला सुरुवात झाली आणि पुढच्या दशकांत तो वापरणाऱ्या शहरांत विषमज्वर आणि कॉलरा यांचं प्रमाण कोसळलं. त्याचा मोठा गुण असा की तो पाण्याबरोबर प्रवास करतो. यूव्हीचा दिवा किंवा आरओचा पडदा यंत्रापाशी जंतू मारतो किंवा अडवतो, पण पाणी यंत्राबाहेर पडलं की त्याचं संरक्षण संपलं. क्लोरीन नळापर्यंत, टाकीपर्यंत राखण करत येतो. म्हणून नळाशी तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा, असं मानक सांगतं. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं, कारण आपलं पाणी चोवीस तास वाहत नाही. पाणी बंद झालं की नळ्यांतला दाब जातो, आणि फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत शिरतं. भांडुपहून निघालेलं उत्तम पाणी चाळीच्या किंवा सोसायटीच्या न धुतलेल्या टाकीत बिघडतं. दोष तलावाचा नसतो, शेवटच्या दोनशे फुटांचा असतो.

पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. कित्येक रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, जो दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो. पाण्याचे नमुने तपासताना महापालिकेने त्या भागातले काही खासगी आरओ प्रकल्पही बंद केले. त्यातून मिळणारा धडा माझ्या मते सरळ आहे. आरओचं पाणी भरून ठेवलं, अस्वच्छ जारमध्ये ओतलं, त्यात क्लोरीनचा अंश नसला, की ते कुठल्याही उघड्या पाण्याइतकंच असुरक्षित. लग्नाच्या मांडवात आणि कचेऱ्यांत येणारा सील नसलेला थंड पाण्याचा जार गोड लागतो, गारही असतो. तो कुठे भरला आणि कशाने धुतला, हे मात्र कुणी विचारत नाही.

ज्यांना क्लोरीनचा वास नकोसा होतो, त्यांना सोपा उपाय आहे. पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात झाकून, पण घट्ट बंद न करता रात्रभर ठेवलं की वास बराच उडतो. उकळलं तर लवकर जातो. उकळलेलं पाणी मचूळ लागतं ते त्यातली हवा निघून गेल्यामुळे. एका पातेल्यातून दुसऱ्यात उंचावरून चार-पाच वेळा ओतलं की हवा पुन्हा मिसळते आणि चव परत येते.

बाटलीबद्दल थोडं बोलायला हवं, कारण हॉटेलातला वेटर ‘साधं की बिसलेरी?’ असं विचारतो तेव्हा आपण सहज उत्तर देऊन मोकळे होतो. बिसलेरी हे मूळ इटालियन नाव मुंबईत १९६५ मध्ये आलं, ठाण्याच्या कारखान्यात काचेच्या बाटल्यांत, साधं आणि फसफसतं अशा दोन प्रकारांत. पाणी विकत घ्यायची कल्पना लोकांना पटेना. १९६९ मध्ये पार्लेच्या चौहानांनी ते नाव घेतलं, तेही मुख्यतः सोडा विकायला. प्लास्टिक आलं, प्रवास वाढला, नळावरचा विश्वास उडाला, आणि मग धंदा फोफावला. आज दुकानातल्या बहुतेक बाटल्यांवर आयएस १४५४३ असतं. हे कुठल्यातरी बोअरचं किंवा नळाचं पाणी असतं, शुद्ध केलेलं, वर मोजून क्षार घातलेलं. झऱ्याचं नैसर्गिक खनिज पाणी असेल तर आयएस १३४२८ असतं, आणि ते बरंच महाग असतं. हा आकडा वाचायला दोन सेकंद लागतात. दिल्ली आणि मुंबईतल्या बाटलीबंद पाण्यात कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने २००३ मध्ये जाहीर केलं, त्यानंतर नियम कडक झाले. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना एक लिटर बाटलीबंद पाण्यात सरासरी दोन लाख चाळीस हजार सूक्ष्म प्लास्टिक कण सापडले. त्यांचा शरीरावर काय परिणाम होतो यावर अजून काम चालू आहे. प्रवासात, पुरात, साथीत बाटली हवीच. घरात रोज बाटलीचं पाणी पिण्याला मात्र मला काही आधार दिसत नाही.

माझी स्वतःची आवड माठाची आहे, आणि तिच्यामागचं कारणही सांगता येतं. माठाच्या भिंतीतून झिरपलेलं पाणी बाहेरच्या बाजूने वाफ होऊन उडतं. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. हवा जितकी कोरडी तितका माठ गार. म्हणून अकोल्याच्या माठाला जे जमतं ते मुंबईच्या दमट हवेत त्याला जमत नाही, आणि मुंबईकराने फ्रिजकडे वळणं हे हवामानाला धरूनच आहे. माठ पाणी घशाला सोसेल एवढंच गार करतो, बर्फासारखं नाही, त्यामुळे चव बधिर होत नाही. वाळ्याची जुडी टाकली तर वासही येतो. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले काही जंतू मरतात, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. पण तांबं फ्लोराइड काढत नाही आणि माठ जंतू मारत नाही. माठात हात बुडवून पेला भरला तर तो जंतू वाढवतो. पाणी आधी शुद्ध हवं, माठ नंतर. आणि लांब दांड्याचं ओगराळं हवंच.

शुद्ध आहे की नाही, हे कळायचा मार्ग फार स्वस्त आहे आणि फार थोडे लोक तो वापरतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. तिथे बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड, नायट्रेट, जडपणा तपासून मिळतो. मैल्याचे जंतू पाहायला एच-टू-एस चाचणीची छोटी बाटली मिळते. ही पद्धत भारतीय संशोधकांनीच १९८२ मध्ये मांडली, गावातल्या आशाताईलाही ती सहज करता येते. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि घरातच उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायची. पाणी काळं पडलं तर त्यात मैला मिसळलेला असण्याची दाट शक्यता. मग ते पाणी कितीही गोड लागो, उकळल्याशिवाय किंवा क्लोरीन टाकल्याशिवाय घरात कुणालाही द्यायचं नाही. काळं पडलं नाही आणि प्रयोगशाळेचा कागदही ठीक आला, तर त्या घराला आरओची गरज नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा ही तपासणी करावी, आणि तिचा कागद सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.